दहा पावलांवरून

"नदी कधी वारली वो, पेंटर?"

घाटावर चहाची किटली घेऊन फिरणाऱ्या मारुतीनं विचारलं, आणि पायऱ्यांवर बोर्ड मांडून बसलेले कुलगुडे सरांचे विद्यार्थी माना खाली घालून हसले. अण्णा हसले नाहीत. त्यांनी दातांत धरलेला ब्रश काढला आणि म्हणाले, "अजून धुगधुगी आहे. तू चहा दे."

मारुतीचं काही चुकलं नव्हतं. कुरुंदवाडात आणि आसपासच्या पंचवीस गावांत पोतदार पेंटर म्हटलं की लोकांना आपलं गेलेलं माणूस आठवायचं. रेशनकार्डावरचा, ओळखपत्रावरचा, नाहीतर लग्नाच्या घोळक्यातला नखाएवढा चेहरा लोक आणून द्यायचे, आणि वर्षश्राद्धाच्या आत माझे वडील त्याची तेलरंगातली तसबीर करून देत. गालावर तुकतुकी, डोळ्यांत उजेडाचा एक ठिपका, पाठीमागं निळसर धूर. जिवंत माणसाचं चित्र ते काढत नसत. कुणी हौसेनं आलंच तर म्हणत, "या की सावकाश. गडबड काय आहे?"

तो माणूस वयाच्या एकसष्टाव्या वर्षी, पौषातल्या थंडीत, घाटावर घोंगडं अंथरून नदी काढायला शिकत होता. या गोष्टीला आता सत्तावीस वर्षं झाली. मी त्यांची कानटोपी हातात घेऊन शेजारी उभी होते आणि मला त्यांचा राग आलेला होता.

आईला जाऊन वर्ष व्हायला बारा दिवस उरले होते आणि घरात तिची तसबीर नव्हती. आतल्या खोलीत, दारासमोरच्या भिंतीवर, तिच्या तेराव्यालाच अण्णांनी स्वतः खिळा ठोकला होता. खिळा तसाच होता. एवढ्या मुलखातले मेलेले आमच्या दुकानात आले आणि आपापला चेहरा घेऊन गेले. आईचा तेवढा राहिला. मी तेव्हा सांगलीला एका ग्रंथालयात नोकरी करत होते. रजा काढून आले होते ती एक फोटो घेऊन. मावसबहिणीच्या लग्नातला, तिसऱ्या रांगेत आई, अर्धा गाल कुणाच्या तरी खांद्याआड गेलेला.

"एवढ्यावर तुम्ही शंभर तसबिरी केल्यात," मी म्हणाले होते.

अण्णांनी फोटो उजेडाला धरून पाहिला. "हं."

"सात दिवसांत होते तुमची तसबीर. वाळायला पाच."

"पाचात वाळत नाही. थंडी आहे," ते म्हणाले, आणि फोटो रंगांच्या खणात ठेवून घाटाकडं निघाले.

कुलगुडे सर कोल्हापुरात चित्रकला शिकवायचे. दर हिवाळ्यात सात-आठ विद्यार्थी घेऊन आमच्या घाटावर यायचे, धर्मशाळेत उतरायचे. माणूस पस्तिशीचा, बारीक आणि लाजाळू. सरांच्या वयाइतकी वर्षं अण्णांनी तेलरंगात काढलेली, त्यामुळं त्यांना शिकवताना सरांची जीभ आधी अडखळायची. दुसऱ्या दिवशी मात्र ते अण्णांच्या मागं उभे राहिले आणि त्यांना राहवलं नाही.

"अण्णा, हे काय केलंत?"

अण्णांनी मऊ ब्रशानं सगळं पाणी घोटून घोटून गालासारखं केलं होतं.

"का? गुळगुळीत नको?"

"नदीला पावडर लावलीय तुम्ही." सर उकिडवे बसले. "तिच्या अंगावर उजेड तुटतोय बघा. तो तुटलेलाच ठेवायचा. एक फटका मारायचा आणि हात वर. परत त्यावर जायचं नाही."

"आणि चुकला तर?"

"चुकला तर शेजारी दुसरा."

अण्णांना हे पटायला वेळ लागला. त्यांच्या धंद्यात चुकलेला फटका म्हणजे कुणाच्या तरी आईचं नाक. सरांनी पुढं विचारलं, "उजेड कुठून येतोय?"

"डावीकडनं. वरनं."

"सूर्य उजवीकडं आहे, अण्णा."

सगळ्यांनी वर पाहिलं. सूर्य खरंच उजवीकडं होता. आमच्या दुकानाची एकुलती एक खिडकी डाव्या हाताला. चाळीस वर्षं प्रत्येक मेलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर त्याच खिडकीचा उजेड पडत आला होता. अण्णांनी तो सवयीनं नदीवरही पाडला होता. ते स्वतःशीच "हात् तुझी" म्हणाले आणि त्यांनी सगळा कॅनव्हास खरवडून काढला.

मग सरांनी त्यांना डोळे बारीक करून बघायला शिकवलं. काळ्या रंगाची ट्यूब काढूनच घेतली. पलीकडच्या झाडांची सावली पाण्यात पडली होती, तिच्याकडं अण्णा बराच वेळ डोळे किलकिले करून बघत राहिले.

"जांभळी आहे की ही," ते हळू म्हणाले. एखाद्याचं दुखणं इतकी वर्षं आपल्याला कुणी सांगितलंच नव्हतं असं कळावं, तसे म्हणाले.

सरांकडं एक जाडजूड पुस्तक होतं. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी फ्रान्समध्ये काही चित्रकार रंगांच्या ट्यूबा पिशवीत घालून नदीकाठी जाऊन बसले, त्यांची चित्रं त्यात होती. लोकांनी त्यांना हसून घेतलं, म्हणे. जवळून बघितलं तर नुसते फटके. "दहा पावलं मागं या," सर म्हणायचे, "मग बघा."

अण्णांनी हे शब्दशः घेतलं. दर अर्ध्या तासानं ते उठायचे, चित्राकडं तोंड ठेवून उलटे पायऱ्या चढायचे आणि तोंडानं मोजायचे. एक, दोन, तीन. मला धडकी भरायची. दहाव्याला थांबून, मान तिरकी करून बघायचे.

"हेमू, ये की. इथनं बघ."

"मला इथूनच दिसतंय," मी म्हणायचे.

मी एकदाही गेले नाही.

पाचव्या दिवशी खाली बायका धुणं धूत होत्या. अण्णा ब्रश हातात धरून त्यांच्याकडं पाहत होते. मधेच म्हणाले, "तुझी आई कुठल्या पायरीवर बसायची?"

"तुम्हाला माहीत नाही?"

"ती इकडं यायची तेव्हा मी दुकान उघडत असायचो."

घरात नळ आल्यावरही चौतीस वर्षं आई धुणं घेऊन नदीवर आली. नळाच्या पाण्यानं कपड्याचा घाम जात नाही, म्हणायची. आणि हा माणूस एकदाही तिच्यामागनं आला नव्हता. "त्या फुटक्या पायरीच्या अलीकडं," मी म्हणाले. "तिथला दगड घसरत नाही." आणि लगेच, कारण माझ्या मनात दुसरं काही नव्हतंच, "अण्णा, आठ दिवस राहिले."

"मोजतोय मी," ते म्हणाले.

त्याच दिवशी ते स्नेहल नावाच्या मुलीवर जवळजवळ ओरडले. ती देवळाच्या पायऱ्यांवर किरमिजी रंग लावून त्यावर पांढरा थापत होती.

"बाळ, पांढऱ्याखाली किरमिजी ठेवू नको. खरवड आधी."

"का, आजोबा? झाकला की."

"झाकून राहत नाही तो. वर येतो." मग त्यांनी ती गोष्ट सांगितली, मी लहानपणापासून ऐकलेली. शिरटीच्या एका घरातून म्हातारीचा जुना फोटो आला होता, कपाळाला कुंकू असलेला. अण्णांनी कुंकवासकट तसबीर केली. घरचे म्हणाले, अहो, ती गेली तेव्हा विधवा होती, पुसा. यांनी कुंकू कापडानं पुसलं आणि वर अंगाचा रंग लावून दिला. बारा वर्षांनी म्हातारीचा थोरला मुलगा सायकलवरून तसबीर घेऊन आला, घामाघूम. कपाळावर कुंकू उगवलं होतं.

"मग काय केलंत?" स्नेहलनं विचारलं.

"त्याला पाणी दिलं. म्हटलं, तिला हवं असंल तर आपण कोण?"

सगळे हसले. मीसुद्धा हसले असेन.

आठव्या दिवशी रात्रीच्या जेवणात मी ताट सरकवलं. "नदी काढायला तुम्हाला वेळ आहे. आईचं तोंड काढायला नाही. लोक काय म्हणतील ते जाऊ दे. मलाच तिचा चेहरा आठवेनासा झालाय. खालचा भाग आठवतो, हनुवटी. वरचा नाही."

अण्णांनी घास खाली ठेवला.

"हेमू, माणूस एकदा तसबिरीत बसलं की उठत नाही," ते म्हणाले. "शेकड्यानं बसवलेत मी."

"मग ते सगळं खोटं होतं?"

"खोटं कसं? त्या लोकांना बसवायचंच होतं."

ताटं मी उचलली. त्या रात्री झोपताना मी ठरवलं की श्राद्ध झालं की जायचं, आणि लवकर परत यायचं नाही.

श्राद्धाच्या आदल्या दिवशी मी तयारीसाठी घरीच होते; अण्णा दहा वाजताच घाटावरून परतले. चित्र त्यांनी छातीपासून लांब, दोन्ही हातांत आडवं धरलं होतं, दुधाचं भांडं आणावं तसं. दुकानात भिंतीला टेकवून ठेवलं. चेहऱ्यावर रंग लागला होता, त्यांना पत्ता नव्हता. "उद्या आतल्या खोलीत नेऊ," एवढंच म्हणाले. आंघोळ केली, दोन घास खाल्ले आणि भटजींकडं सामानाची यादी घेऊन गेले. जाताना शीळ घालत होते. आई गेल्यापासून मी त्यांची शीळ ऐकली नव्हती.

त्या शिळेनं माझा राग थोडा उतरला. म्हटलं, म्हाताऱ्या माणसाला यात बरं वाटत असेल तर वाटू दे. तसबीर नाही तर नाही. दुपारी भांडीकुंडी घासून झाल्यावर मी दुकानात गेले. उद्या चारचौघांत हे चित्र येणार, तर निदान नीट असावं.

सात वर्षांची असल्यापासून दुकानात माझं एकच काम होतं. तसबीर पुरी झाली की अण्णा हाक मारत. मी ओल्या कॅनव्हासला नाक लावून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बघायचे. ब्रशाचा केस, माशीचा पाय, बाहीचा पुसट फराटा. सुईनं केस काढायचा, टर्पेंटाइनच्या चिंधीनं डाग टिपायचा, आणि तिथं शेजारचाच रंग हलक्या हातानं लावायचा. "हेमूची नजर म्हणजे डागाची नजर," अण्णा गिऱ्हाइकांना सांगत. मला तेव्हा त्याचा फार अभिमान होता.

मी चष्मा पुसला, गुडघ्यांवर बसले आणि चित्राला नाक लावलं. निळे, पिवळे, जांभळे फटके. कशाला कशाचा पत्ता नाही. ब्रशाचे दोन केस काढले. मग खाली डावीकडं, पायरी आणि पाणी यांच्या मध्ये, तो दिसला. तीन बोटांचा लाल फराटा, एक उभा लांब आणि त्याला लागून दोन आखूड, खालचा तर पाण्यात ओघळलेला. सबंध चित्रात तो रंग दुसरीकडं कुठंच नव्हता. आणताना पॅलेट टेकलं असणार, किंवा बाही. मी चिंधी भिजवली, खालून वर एकदा पुसलं. मग आणखी एकदा. गुलाबी माग राहिला, तेव्हा पांढऱ्यात थोडा निळा कालवून त्यावर पाण्याचे दोन-तीन फटके मारले. घोटले नाहीत. सर सांगायचे तसे मारले आणि हात वर घेतला. बरे जमले होते. मला वाटलं, अकरा दिवस उभं राहून आपणही काही शिकलो.

सकाळी अण्णांनी चित्र स्वतः आत नेलं आणि खिळ्याखाली पाटावर, भिंतीला टेकवून ठेवलं. भटजी दर्भ मांडत होते. म्हणाले, "पेंटर, वहिनींची तसबीर?"

"ही काय."

भटजी वाकले. "ही तर नदी."

"हं," अण्णा म्हणाले, आणि चित्राकडं तोंड ठेवून मागं मागं गेले. ओठ हलत होते. आतल्या खोलीच्या भिंतीपासून मधलं दार ओलांडून ओसरीच्या उंबऱ्यापर्यंत बरोबर दहा पावलं होतात. ती त्यांनी आधी मोजून ठेवली असावीत. उंबऱ्यावर थांबून त्यांनी मान तिरकी केली. मग दुसऱ्या बाजूला केली. डोळे बारीक केले. मग ते भराभर चालत परत आले आणि पाटासमोर बसले.

"हेमू, इथं काही होतं."

"डाग होता, अण्णा. लाल. काल मी पुसला."

त्यांनी बोट त्या जागेवर नेलं, पण टेकवलं नाही.

"चांगला पुसलायस," ते म्हणाले. "कळत नाही."

त्यांनी सोवळं नेसून सगळं यथासांग केलं. पिंड ठेवले, पाणी सोडलं. मी स्वयंपाकघरात होते. बाराच्या सुमाराला कुलगुडे सर जेवायला आले, विद्यार्थ्यांना धर्मशाळेत ठेवून एकटेच. मी आमटीचं पातेलं घेऊन ओसरीवर आले तेव्हा ते उंबऱ्यावर उभे राहून आत बघत होते.

"अण्णा," ते म्हणाले, "काकू कुठं गेल्या?"

मी पातेलं धरून उभी राहिले.

सर माझ्याकडं वळले, आनंदानं सांगू लागले. "ताई, काल सकाळी तुम्ही हव्या होतात. अकरा दिवस अण्णांचा हात अवघडलेला. आणि काल ऊन पायरीवर आलं आणि यांनी तीन फटक्यांत... मी चाळीस जणांना शिकवलंय, मला तसे मारता येणार नाहीत. पाठमोऱ्या, वाकून पिळताहेत, डाळिंबी लुगडं. मी काकूंना कधी पाहिलेलं नाही, पण त्या तिथं होत्या. मग? अण्णा, काढून टाकलंत?"

आई नदीवर जाताना डाळिंबीच लुगडं नेसायची. दोन होती तिला, आलटून पालटून.

अण्णा पाटाकडं पाठ करून पानं मांडत होते. त्यांनी माझ्याकडं पाहिलंही नाही.

"धुणं झालं असंल," ते म्हणाले. "घरी आली असंल. बसा सर, आमटी निवतीय."

संध्याकाळी सगळे गेल्यावर मी दुकानात गेले. ते ब्रश धूत होते. मी म्हणाले, "अण्णा, परत काढा. तीन तर फटके होते."

"त्या तीन फटक्यांसाठी अकरा दिवस बसलो होतो," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. "ते कालचं ऊन होतं. आता मला नाही येणार."

"मी फक्त जवळून बघितलं."

"हं." त्यांनी ब्रश फडक्यात दाबला. मग विचारलं, "रंग सगळा निघाला होता का गं?"

"नाही. किरमिजीचा गुलाबी माग राहिला होता."

"आणि वर काय लावलंस?"

"पांढरा. थोडा निळा घालून."

त्या दिवसात पहिल्यांदा त्यांनी माझ्याकडं पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी सैल झालं, ते मला तेव्हा समजलं नाही. मला वाटलं, ते मला क्षमा करताहेत, आणि ते मला सहन होईना.

"मग राहू दे," ते म्हणाले. "राहू दे तसंच."

त्यानंतर ते घाटावर चित्र काढायला गेले नाहीत. पुढची पंधरा वर्षं तसबिरी केल्या, मग हात कापायला लागला तेव्हा दुकान बंद केलं. नदीचं चित्र त्यांनी आईच्या एका जुन्या लुगड्यात गुंडाळून कपाटामागं ठेवलं होतं. आम्ही दोघं त्याविषयी कधी बोललो नाही. मी महिन्यातून दोनदा येत राहिले. त्यांचं सगळं केलं. खिळा रिकामाच होता. पाहुणे विचारायचे, पेंटरच्या घरात एक तसबीर नाही? ते म्हणायचे, "लोहाराच्या घरी विळा बोथट."

अण्णा गेल्या पौषात गेले. अठ्ठ्याऐंशी वर्षांचे होते. तेराव्याच्या आदल्या दिवशी मी कपाट सरकवलं, चित्र सोडलं आणि त्याच्याकडं फारसं न बघता खिळ्यावर टांगलं. अण्णांचा चांगला फोटो माझ्याकडं होता, पण तो लावावासा वाटेना. तेल पिवळं पडलं होतं; पाण्याला जुन्या तुपासारखा रंग आला होता. मी खाली बसून फरशी पुसू लागले.

ओसरीवर पावलं वाजली. शेजारच्या देसायांची सून डबा घेऊन आली होती. दोन वर्षांपूर्वीच लग्न होऊन गावात आलेली मुलगी. उंबऱ्यावरच थांबली.

"ताई, पिठलं-भात आणलाय. खाऊन घ्या आधी." मग जरा थांबून म्हणाली, "घाटावर ह्या कोण वो?"

"कुठं?"

"त्या काय, चित्रात. पायरीवर उभ्या आहेत त्या."

मी वर पाहिलं. जवळून काहीच नव्हतं. पिवळट पांढऱ्या फटक्यांमधून एक गुलाबी-लाल ओघळ वर आलेला, खालून वर, माझ्या चिंधीच्या दिशेनं ताणलेला.

मी फडकं बादलीत टाकलं आणि चित्राकडं तोंड ठेवून मागं मागं येत गेले. एक, दोन, तीन. सातव्या पावलाला मधलं दार लागलं. दहाव्याला माझी टाच उंबऱ्याला टेकली. देसायांची सून बाजूला सरकली.

अण्णांच्या चित्रात ती वाकलेली होती. माझ्या पुसण्यानं ती सरळ उभी राहिली होती.

"आमची आई," मी म्हणाले. "धुणं झालंय तिचं. घरी निघालीय."